उठलेली गावं, वसलेली गावं : प्रवराकाठच्या वारशाची एक मांडणी



आपल्या भागाबद्दल कुणी बोलायला उभं राहिलं की एक वाक्य हमखास येतं : प्रवराकाठाला हजारो वर्षांची अखंड परंपरा आहे. गौरवग्रंथात ते असतं, यात्रेच्या पत्रिकेत असतं, शाळेच्या स्नेहसंमेलनातही असतं. त्यातल्या 'हजारो वर्षां'बद्दल माझी काही तक्रार नाही, तेवढा पुरावा आपल्या पायाखालीच आहे. माझं म्हणणं 'अखंड'पुरतं आहे. पुरावा नीट वाचला तर हा काठ अखंड नांदलेला दिसत नाही. माणसं इथे आली, वसली, भरभराटीला चढली आणि उठून गेली. काठ ओसाड पडला. मग काही शतकांनी दुसरी माणसं आली. हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा घडलं. आपल्या वारशाचं खरं वैशिष्ट्य या उठण्या-वसण्यात आहे, आणि 'अखंड' म्हणताना आपण नेमकं तेच झाकून टाकतो, असं मला आज मांडायचं आहे. पुरावे तीन ठिकाणचे घेणार आहे. जमीन काय सांगते, ज्ञानेश्वरीची कहाणी काय सांगते आणि गेल्या शंभर वर्षांतलं पाणी काय सांगतं.

आधी नदी समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्या स्वभावावर उभं आहे. प्रवरा अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि साधारण दोनशे किलोमीटर वाहून प्रवरासंगमाला गोदावरीत मिळते. एवढ्याशा अंतरात पावसाचा केवढा फरक! घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि नेवाशाच्या वाट्याला जेमतेम पाचशे-साडेपाचशे येतो. म्हणजे खालच्या काठाची जमीन काळी, कसदार, पण आभाळ बेभरवशाचं. इथला माणूस स्वतःच्या शिवारातल्या पावसावर कधीच निर्धास्त राहिला नाही. दूरच्या डोंगरात पडलेलं पाणी नदी आणून देईल, या विश्वासावर तो बसला. तो विश्वास टिकला तोवर गाव टिकलं. गाव उठण्यामागे दर वेळी पाणीच होतं असं मी म्हणणार नाही. पण पाण्याचा विचार वगळून इथल्या कुठल्याही काळाचा उलगडा होत नाही.

आता जमिनीकडे वळू. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या काठावर दायमाबाद आहे. गाव केव्हाच उठलेलं, उरलं ते टेकाड. १९७४ साली एक स्थानिक भिल्ल शेतकरी तिथे झाडाचं मूळ खणत होता, आणि त्या खड्ड्यात त्याला धातूच्या चार मूर्ती मिळाल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. चारींचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. तो रथ जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. लांबी साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर, पुढे जू घेतलेली दोन बैलांची जोडी, मागे उभा राहून हाकणारा माणूस आणि मधल्या लांब दांड्यावर उभा असलेला एक कुत्रा. बैलजोडी, धनी आणि कुत्रा हे चित्र आपल्या कुठल्याही शेतकऱ्याला परकं वाटणार नाही. या मूर्तींचा काळ नेमका कोणता, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण टेकाडाच्या थरांबद्दल तशी अडचण नाही. तिथे एकावर एक पाच संस्कृतींचे थर मिळाले. खालचा थर सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा, त्याच्या वर उत्तर हडप्पा काळाचा. तिथे हडप्पा लिपीतली चिन्हं असलेल्या मुद्रा निघाल्या. सगळ्यात वर जोर्वे संस्कृतीचा थर. हे जोर्वेही आपलंच, संगमनेर तालुक्यातलं प्रवराकाठचं गाव. १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन झालं, तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या, लाल पृष्ठभागावर काळ्या रंगाची नक्षी असलेली भाजीव भांडी मिळाली, आणि महाराष्ट्रभर जिथे जिथे तशी भांडी निघाली ती संस्कृती या गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

आणि नेवासा? १९५४ ते १९५६ या काळात हसमुख सांकलिया, शांताराम देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या लाडमोड टेकाडावर उत्खनन केलं. १९६० साली निघालेल्या अहवालात त्यांनी सहा कालखंड लावले, अगदी अश्मयुगातल्या दगडी हत्यारांपासून थेट मराठाकाळापर्यंत. त्यातल्या ताम्रपाषाण काळातली एक वस्तू मला फार मोलाची वाटते. त्या काळी लहान मूल गेलं तर त्याला दूर नेत नसत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यात मूल ठेवायचं आणि ते घराच्याच जमिनीखाली पुरायचं. अशाच एका दफनात मुलाच्या गळ्यातले तांब्याचे मणी मिळाले, आणि मण्यांच्या आत दोऱ्याचा अंश शिल्लक होता. तांब्याच्या गंजाने तो राखला होता. तपासणीत त्या दोऱ्यात रेशीम आणि कापूस असे दोन्ही तंतू दिसले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इथे कुणीतरी सूत कातलं, त्यात मणी ओवले आणि गेलेल्या लेकराच्या गळ्यातून ते काढून घेतले नाहीत. राजे-महाराजांची नावं देणारा एखादा ताम्रपट मिळाला असता तर आपण मिरवणूक काढली असती. या दोऱ्याची किंमत त्याहून तसूभरही कमी नाही.

पण मुद्दा पुढे आहे. ज्यांनी आपली मुलं घराच्या जमिनीखाली पुरली, ती माणसं घर सोडून गेली. इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास दायमाबाद ओसाड पडलं. नेवाशाचा ताम्रपाषाण थर तिथे संपतो आणि पुढचा, म्हणजे सातवाहनकाळाच्या तोंडाशी असलेला थर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला आहे. मधली आठशे-नऊशे वर्षं टेकाड रिकामं. आठशे वर्षं म्हणजे किती? ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याला अजून आठशे वर्षं झालेली नाहीत!

माणसं का गेली? मधुकर ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावच्या उत्खननातून याचं उत्तर मांडलं. हवामान कोरडं होत गेलं, शेती परवडेनाशी झाली. यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सगळं पावसावर घातलं की माणसाची करणी शून्य होते, इतिहास म्हणजे हवामानाचा तक्ता होतो. पण इनामगावचाच पुरावा या आक्षेपाला उत्तर देतो. तिथल्या लोकांनी पाणी वळवण्यासाठी पाट काढला होता, धान्य साठवलं होतं. दिवस फिरल्यावर ते एका रात्रीत पळाले नाहीत. चौकोनी मोठी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या, शेती कमी होऊन गुरं आणि शिकार यांवर भर आला, आणि अशा ओढाताणीत त्यांनी आणखी दोन-तीनशे वर्षं काढली. पाऊस कमी झाला हे निसर्गाने ठरवलं. त्यावर काय करायचं हे माणसांनी ठरवलं. गाव उठवणं हाही त्यांचा निर्णय होता, शेवटचा आणि सगळ्यात जड.

दुसरी भरभराट सातवाहनांच्या काळातली. खाली पैठणला राजधानी, पश्चिमेला जुन्नर आणि नाणेघाट, पलीकडे कोकणची बंदरं. त्या वाटेच्या टापूत नेवासा येतं. लाडमोडच्या त्या थरात भूमध्य समुद्राकडच्या दोन मुठींच्या कुंभांचे तुकडे मिळाले, काचेचे मणी मिळाले. रोमशी व्यापार म्हणजे फक्त बंदरं आणि राजधान्या असं आपण समजतो. प्रवरेच्या काठावरचे हे खापराचे तुकडे सांगतात की तो व्यापार खेड्यापाड्यांच्या टापूतून वाहत होता. आणि मग? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकानंतर पुन्हा पोकळी. या टेकाडावरचा त्यानंतरचा थर थेट बहामनी काळाच्या आसपास सुरू होतो.

म्हणजे ज्या शतकात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते तेरावं शतक लाडमोडच्या टेकाडावर सापडत नाही. वस्ती तेव्हा काठावरच दुसरीकडे सरकलेली असणार, कारण त्या काळचं नेवासं होतं याबद्दल शंका नाही. ग्रंथाच्या अखेरीस शके १२१२ ही नोंद आहे, म्हणजे इसवी सन १२९०. यादव राजा रामचंद्राचं नाव आहे, महालयेचं म्हणजे आपल्या मोहिनीराजाचं पंचक्रोशी क्षेत्र आहे आणि लेखक म्हणून सच्चिदानंदबाबा आहेत. स्थळ, काळ, राजा, लेखक, सगळं जागच्या जागी. आणि ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी निरूपण केलं असं परंपरा सांगते, तो पैसाचा खांब आजही उभा आहे. त्यावरचा लेख करवीरेश्वराच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा आहे. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या निबंधसंग्रहाला 'पैस' हे नाव या खांबावरूनच दिलं.

इथे अखंडतेचे पुरस्कर्ते म्हणतील, आता बोला! वस्त्या उठल्या असतील, पण ही परंपरा तर सातशे वर्षं चालली आहे ना? चालली आहे, आणि वारकरी संप्रदायाचं ते कर्तृत्व मोठं आहे. पण कशी चालली हे पाहा. ग्रंथ झाला १२९० मध्ये. सहा वर्षांत अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला. १३१८ पर्यंत ग्रंथात ज्याचं नाव घेतलं आहे ते यादवराज्य संपलं. चौदाव्या शतकाच्या अखेरीला दुर्गादेवीचा दुष्काळ सुरू झाला. या धामधुमीत पोथ्या नकलून घेणारे घेत राहिले, नकलताना पाठ बिघडत गेले, ओव्या घुसडल्या गेल्या. पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला एकनाथांनी पोथ्या मिळवून ताडून पाहिल्या आणि पाठ शुद्ध केला. ग्रंथ झाल्याला तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. प्रवरेच्या काठावर जन्मलेला ग्रंथ गोदेच्या काठावर नीट झाला. ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत आपोआप वाहत आलेली नाही. ती विस्कटली होती, आणि कुणीतरी बसून, डोळे फोडून, ओवी ओवी पारखून तिला पुन्हा उभं केलं. याला अखंड म्हटलं तर एकनाथांनी मग काय केलं? ज्याचं श्रेय त्याला द्यायचं असेल तर आधी खंड पडला होता हे मान्य करावं लागेल.

दुसरा आक्षेप जास्त भावनेचा आहे. ज्ञानेश्वरी ही आत्म्याची गोष्ट, तिला खापरं आणि पाऊस यांच्या रांगेत बसवणं म्हणजे तिला लहान करणं, असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. राज्य कोसळण्याच्या तोंडावर असलेल्या एका गावात, वाळीत टाकलेल्या कुटुंबातल्या तरुणाने, सगळ्या विश्वासाठी मागणं मागितलं. हे कुठे आणि केव्हा घडलं ते समजल्यावर ते मागणं लहान होतं की मोठं?

पेशवाईतल्या भरभराटीबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण ती आपल्याला डोळ्यांनी दिसते. नेवाशाचं मोहिनीराजाचं आजचं देऊळ होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी उभारलेलं. टोक्याचं सिद्धेश्वराचं देऊळ, त्याचं कोरीव काम, प्रवरासंगमाचे घाट, पलीकडच्या कायगावचे दीक्षित सावकार, हा सगळा एका काळाचा ठेवा. राज्य पुण्याला असलं तरी त्याचा पैसा आणि पुण्याईची ओढ या संगमावर येत होती. राज्य गेलं, पैशाचा ओघ आटला, पण घाट राहिले.

आता तिसरा पुरावा, आणि तो अजून ओला आहे. १८७६-७७ च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळला. त्याच्या आधीच इंग्रजांनी ओझर आणि लाख इथून लहान कालवे काढले होते, पण धरणाशिवाय त्यांना पोटभर पाणी नव्हतं. १९१० साली भंडारदऱ्याचं काम सुरू झालं आणि १९२६ साली मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. उंची सुमारे ब्याऐंशी मीटर, साठवण अकरा टीएमसीच्या घरात. ओझरच्या बंधाऱ्यापासून दोन्ही काठांना कालवे गेले, आणि इतिहासात पहिल्यांदाच डोंगरातला पाऊस उन्हाळ्यात शेतात येऊ लागला. त्या पाण्यामागे माणसं आली. सासवडकडचे माळी आले. त्यांना बारमाही बागायत येत होती, इथल्या शेतकऱ्याने ती त्यांच्याकडून शिकली. खाजगी साखर कारखाने आले. आणि १९५० च्या अखेरीस लोणीला शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्याचं पहिलं गाळप सुरू झालं. अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, उपाध्यक्ष विठ्ठलराव विखे पाटील. एक पुण्याचा पंडित, एक लोणीचा शेतकरी. ऊस पिकवणाऱ्याने साखरेचाही मालक व्हावं, ही कल्पना या काठावर कागदावरून चिमणीपर्यंत पोचली आणि तिथून महाराष्ट्रभर गेली.

कारखान्याची चिमणी म्हणजे वारसा का? असं विचारणारे पुष्कळ आहेत. ते म्हणतात, उसाने तर हा काठ बिघडवला. अतिपाण्याने जमिनी चोपण झाल्या, नदी बंधाऱ्याबंधाऱ्यात अडली, सहकाराचं राजकारण झालं. यातलं बहुतेक खरं आहे. चोपण झालेल्या रानात हिवाळ्यात वर आलेला पांढरा क्षार कुणीही जाऊन पाहावा. पण वारसा म्हणजे चांगल्याची निवडक यादी असं कुणी ठरवलं? पूर्वजांनी काय कमावलं तेवढंच त्यात असेल तर ती जाहिरात झाली. त्यांनी काय गमावलं, कुणाला उठवलं, हेही त्यात हवं. आणि इथे मी माझ्या मूळ मुद्द्याशी येतो. या शंभर वर्षांत जशी माणसं वसली, तशीच काही निर्दयपणे उठवली गेली. भंडारदऱ्याखाली जमिनी गेल्या, मुळा धरणाखाली गेल्या, निळवंड्याखाली गेल्या. जायकवाडीचा पाया १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी घातला, १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं, आणि त्याच्या नाथसागर जलाशयाच्या फुगवट्याखाली आपल्याच नेवासा तालुक्याची गावं गेली. देवळं, पार, बारवा, स्मशानं, सगळं. दायमाबाद कोणत्या शतकात ओसाड पडलं हे आपण अभिमानाने सांगतो. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या डोळ्यांदेखत उठलेल्या गावांची नावं आपल्या मुलांना माहीत आहेत का?

आणखी एक उठणं-वसणं दरसाल चालू असतं. दिवाळीनंतर बीड, पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, कारखान्याच्या कडेला कोप्या पडतात, चार-सहा महिने तिथे चूल पेटते, बाळंतपणं होतात, आणि हंगाम संपला की जागा मोकळी. इनामगावच्या शेवटच्या काळातल्या गोल झोपड्यांचे खळगे आपण शास्त्रीय काळजीने मोजले, त्यांच्या फोटोंची पुस्तकं काढली. या कोप्यांची नोंद कोण ठेवतो? या काठाच्या इतिहासात त्यांना जागा नसेल तर तो इतिहास अर्धा आहे.

'हे सगळं खरं, पण याचा आज उपयोग काय?' हा शेवटचा आक्षेप. उपयोग आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानंतर वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा प्रश्न दुष्काळी वर्षी पेटतो. जायकवाडीत पासष्ट टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून सोडायचं, असं सूत्र ठरलं. २०१२, २०१५, २०१८, २०२३, दर वेळी तोच तणाव, तेच मोर्चे, तीच कोर्टकचेरी. दोन्हीकडचे वक्ते इतिहासाचा आधार घेतात. आमचं पाणी, आमचा परंपरागत हक्क! पण हा इतिहास नीट वाचला तर कुणाच्याच हाती तसा दाखला लागत नाही. नेवाशाचं पाणी कधीच नेवाशात पडलं नाही. ते अकोल्याच्या डोंगरात पडलं, आणि तिथल्या आदिवासी गावांच्या जमिनी पाण्याखाली घालून आपण ते अडवलं. निळवंड्याला १९७० साली मान्यता मिळाली आणि डाव्या कालव्यात पाणी खेळायला २०२३ उजाडलं. तोवर कालव्याच्या आशेवर दुष्काळी गावांतल्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. वरच्याला वाटतं खालचा लुटतो, खालच्याला वाटतं वरचा अडवतो. ज्ञानेश्वरीला पैठणने सावरलं, पैठणला प्रवरेने पाणी दिलं. खोऱ्याचा इतिहास तालुक्याच्या हद्दीत मावत नाही, तर पाण्याचा हिशोब कसा मावेल? पाणी किती सोडायचं हे अभियंत्यांनी आणि न्यायालयांनी ठरवावं. पण 'आम्ही इथले अनादि, तुम्ही उपरे' ही भाषा तरी पुराव्याला धरून नाही, एवढं आपण ठामपणे म्हणू शकतो.

काही कामं आपल्या हातातली आहेत. आपल्याकडे गावाची जमीन दोन भागांत ओळखली जाते, काळी आणि पांढरी. काळी कसायची, पांढरी राहायची. उठलेल्या गावाची पांढरी शिवारात टेकाड होऊन पडून असते. तिची राखट माती घराच्या धाब्याला चांगली, शेतातही टाकायला चांगली, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरून नेली गेली, आणि आता जेसीबी आल्यावर एका उन्हाळ्यात टेकाड सपाट होतं. यात शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. सपाट रान त्याला हवं आहे, आणि टेकाडात काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. दायमाबादच्या मूर्ती शेतकऱ्याच्याच हातून बाहेर आल्या, हे विसरू नये. तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या शिवारातल्या पांढरीचा गट नंबर, आजचा आकार आणि मालकाचं म्हणणं एका वहीत लिहून काढावं. हायस्कूलच्या मुलांनी सुट्टीत फोटो काढावेत. त्याच वहीत दुसरी यादी हवी : धरणांच्या पाण्यात गेलेल्या गावांची, त्यांच्या वाड्यावस्त्यांची, दैवतांची, आणि ती कुठे पुनर्वसित झाली त्याची. हे ज्यांच्या आठवणीत आहे ती माणसं आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी काही या सभागृहातही बसली असतील. ती वही या वाचनालयात ठेवावी, आणि पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेच्या आधी तिची पहिली वीस-पंचवीस पानं भरलेली असावीत, अशी संयोजकांना माझी विनंती आहे.